कोरी मशीन आणि नायगावची मुलगी

निर्मला, परवा तुझी कोरी मशीन चालू केली. बटन दाबायच्या आधी सवयीनं मागं वळून विचारलं, "दाबू का गं?" तर आपल्या ऑफिसातली प्रणिता म्हणाली, "दाबा ना काकू." मी कुणाला विचारलं होतं ते तिलाही कळलं असणार.

तुझं तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले. तुझे दादा सकाळी पेपर उघडतात आणि त्याच पानावर बसून राहतात. भेटायला येणारा जो तो तुझ्याबद्दल बोलायला लागला की भूकंपापासून सुरू करतो. किल्लारीकडं दिलेली पोर, सगळं गमावून भावाकडं आली, मग वहिनीच्या हाताखाली कॉम्प्युटर शिकली. मी चहा देते आणि ऐकते. कुणाच्या हाताखाली कोण होतं ते आपल्या दोघींनाच ठाऊक. आणि असलं बोलणं तुला कधी आवडलंच नाही. आत्ता असतीस तर म्हणाली असतीस, "वहिनी, ते राहू द्या. बिल्डचं काय झालं ते सांगा."

म्हणून बिल्डचंच, आपल्या त्या शेवटच्या सॉफ्टवेअरच्या बांधणीचंच सांगायला बसले आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय ना.

तुझे दादा तुला घेऊन नांदेडला आले तेव्हा मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. दारात उभी राहून तू पहिलं काय विचारलंस? "वहिनी, मला काय काम हाय?" मी म्हटलं, आधी हातपाय तर धू. पण तुला दुसऱ्याच दिवशी मशीनवर बसवलं, कारण रिकामी बसलीस की तू भिंतीकडं बघत राहायचीस. आणि दार लावू द्यायची नाहीस. थंडी असो, धूळ असो, दार उघडं पाहिजे आणि तुझी खुर्ची दाराजवळ पाहिजे. पुढं लातूरच्या ऑफिसातही तू तीच जागा धरलीस. मी कधी त्यावर बोलले नाही, खुर्ची मात्र तिथंच मांडत गेले.

इन्स्टिट्यूटमध्ये पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो शिकवायला कुणी आलं नाही. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. ते मध्ये ठेवून, डिक्शनरी मांडीवर घेऊन आपण बसायचो. एक ओळ तू वाचायचीस, एक मी, आणि दोघींनाही कळली नाही की जेवायला उठायचो. जेवताना तुला अचानक ती ओळ कळायची. उष्ट्या हातानं हवेत बोट फिरवून मला समजावून सांगायचीस, अन् तुझे दादा म्हणायचे, "आधी भाजी घ्या, मग प्रोग्राम करा."

दादांची बदली लातूरला झाली आणि लातुरात तर तेव्हा गल्लोगल्ली क्लास उघडत होते. ज्याच्या घरात एखादी खोली जास्तीची, त्यानं ती शिकायला आलेल्या पोरींना भाड्यानं दिली. ज्याच्या अंगणात पत्रा टाकता येतो, त्यानं मेस काढली. एका क्लासच्या सरांनी आपल्याला चाचणीचे निकाल छापून द्यायचं काम दिलं. ते जमलं तर म्हणाले, फीचंही करा. मग प्रवेशाचं. मग हॉस्टेलचं. ते मागत गेले, आपण जोडत गेलो, आणि बघता बघता असं झालं की एका जागी हात लावला की भलत्याच जागी दुखायचं. लोह्याची प्रणिता इंजिनीअर होऊन आपल्याकडं आली तेव्हा तिनं ते सगळं नीट मांडलं. निकाल, फी, प्रवेश, हॉस्टेल, प्रत्येकाचा वेगळा भाग, त्याला मॉड्यूल म्हणायचं. आणि प्रत्येक मॉड्यूलच्या सुरुवातीला लिहायचं की मला चालायला बाहेरचं काय काय लागतं. "ह्याला डिपेन्डन्सी म्हणतात काकू," ती म्हणाली. तू चष्मा वर करून बघितलंस आणि म्हणालीस, "म्हंजे सामानाची यादीच की."

आता भाज्यांचं लिहिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

टेस्ट करायला खोटे विद्यार्थी लागतात. तू म्हणालीस, माणसांची नावं घ्यायची न्हाईत, कुणाच्या तरी लेकराचं नाव निघतं. म्हणून तू भाज्या घेतल्यास. कुमारी शेपू गवारे. कुमार दोडका पडवळ. कुमारी चुका अंबाडे. सगळी मंडळी एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये राहायची. ते मॉड्यूल टेस्टपुरतंच जोडायचं असतं, क्लासला द्यायच्या मालात ते जाता कामा नये. पण निकालाच्या मॉड्यूलच्या सामानाच्या यादीत ते टेस्टपुरतं असं न लिहिता साधंच लिहिलं गेलं, आणि मालाबरोबर भाज्याही क्लासात पोचल्या. सरांनी निकाल छापला, बोर्डावर लावला. पहिली आली कुमारी शेपू गवारे.

सर स्वतः आले. "मॅडम, ही गवारे कोणत्या बॅचची? पोरी विचारायल्यात."

तू मान वर न करता म्हणालीस, "सर, ती मंगळवारच्या बाजारची हाय."

सर हसले म्हणून निभावलं. पण ती ओळ तशी लिहिली कुणी, यावर आपण किती वर्षं भांडलो गं. तू म्हणायचीस वहिनींनी, मी म्हणायचे निर्मलानं. कोणती ओळ कुणी लिहिली ते कॉम्प्युटरमध्ये साठलेलं असतं, प्रणिता विचारायची, "काकू, बघून सांगू का?" आणि आपण दोघी एकदमच "नको" म्हणायचो. आता तर मी तिला कधीच बघू देणार नाही.

नायगावच्या मुलीच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

प्रवेशाची धांदल चालू होती. ती वडिलांबरोबर आली, लोखंडी पेटी घेऊन, पेटीवर गादीची वळकटी. प्रवेश झालेला, फी भरलेली, बॅच ठरलेली, आणि हॉस्टेलात तिच्या नावाचा पलंगच नाही. प्रवेशाचं मॉड्यूल म्हणतं मुलगी आहे. फीचं म्हणतं आहे. हॉस्टेलचं म्हणतं, अशी कुणी नाहीच. आपण प्रत्येक मॉड्यूल वेगळं वेगळं तपासलं होतं, आणि वेगळं वेगळं प्रत्येक बरोबर होतं.

क्लासचा फोन आला तशा आपण दोघी गेलो. वडील काउंटरवर बोलत होते, दर वाक्याला आवाज खाली जात होता. ती पेटीवर बसलेली, दोन्ही बाजूंच्या कड्या दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी कॉम्प्युटरपाशी गेले. तू तिच्यापाशी गेलीस आणि खाली फरशीवरच बसलीस.

"बाई, सोड की जरा हात. पेटी कुणी नेत न्हाई."

"नको, राहू द्या."

"बरं. मग एक बाजू मी धरते."

तिनं खरंच एक कडी तुला दिली. मी तिकडं पलंग मिळवून देईपर्यंत तुम्ही दोघी तशाच बसून राहिलात, दोन बाजूंच्या दोन कड्या धरून. रस्त्यानं परत येताना मी सरांवर, हॉस्टेलवर, आपल्यावर तोंडसुख घेत होते. तू एकच म्हणालीस, "सगळं एकत्र जोडून तपासायला पाहिजे, वहिनी. ती आली तसं."

मग तू ती टेस्ट लिहिलीस. पुस्तकात तिला इंटिग्रेशन टेस्ट म्हणतात, तू तिचं नाव ठेवलंस 'नायगावची मुलगी'. एक मुलगी येते, प्रवेश घेते, फी भरते, तिचं बॅचमध्ये नाव लागतं, तिला पलंग मिळतो, वडिलांना मेसेज जातो. पलंग मिळाला तरच पास. आणि ती चालवायची दाराजवळच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर. त्यातलं दर वेळी सगळं पुसून टाकायचं, मग आपलं सॉफ्टवेअर त्यावर पहिल्यापासून बांधायचं, आणि यादीत लिहिलंय तेवढंच सामान बाहेरून आणायचं. लिहिलेलं नाही ते मिळणार नाही. तीच तुझी कोरी मशीन. नेट रांगत चालायचं. मध्येच लाइट गेली की पुन्हा पुसा, पुन्हा मांडा.

माझं म्हणणं तुला माहीत आहे, पण मी पुन्हा मांडते, कारण आता तुला मध्ये तोडता येणार नाही. एक मॉड्यूल तपासताना शेजारचं मॉड्यूल खरं कशाला पाहिजे? त्याच्या जागी एक तोतया बसवायचा, जो विचारलं की "हो" म्हणतो. चहा निवायच्या आत टेस्ट संपते. शहरातल्या मोठ्या कंपन्याही तेच करतात. यावर तू म्हणायचीस, "तोतया कधी न्हाई म्हणत नसतो, वहिनी. त्याला आपणच शिकवलेलं असतंय." आणि मी म्हणायचे, मग अर्धा दिवस मशीन पुसत बस. आणि तू खरंच बसायचीस.

एकदा अशीच दुपारची लाइट गेली. वैतागून मी म्हटलं, "हे पुसापुशीचं वेड तुला लागलं कुठून?" तू पदरानं वारा घेत होतीस. म्हणालीस, "पत्र्याच्या शेडमधी होतो ना आम्ही, तवा ट्रकनं गहू आला. लई चांगला गहू. लोक खुश. मग ध्यानात आलं, चक्की न्हाई. चक्की मातीखाली. कुणाचं तरी जातं निघालं, तर त्याला खुंटा न्हाई. मग तंबूची खुंटी ठोकली. पीठ झालं तर तवा न्हाई. उरलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर भाजल्या पोळ्या. घर उभं असलं की कळत न्हाई वहिनी, तोंडात घास जायाला काय काय लागतंय ते. सगळं हाताशी पडलेलं असतंय. घर पुसून गेलं की मग एकेक कळतंय."

तू हसत सांगत होतीस, मीही हसले. त्या शेडबद्दल तू मला सांगितलेली ती एकच गोष्ट. बाकी मी विचारलं नाही. मला वाटायचं, सांगायचं असलं तर सांगेल. तुला वाटत असेल, ऐकायचं असलं तर विचारतील. अशी आपली वर्षं गेली, एका ताटात जेवून.

मग हा शेवटचा बिल्ड. क्लासनं मुलींचं नवं हॉस्टेल बांधलं, ते उघडायच्या आत नवं सॉफ्टवेअर द्यायचं होतं. आपल्या सगळ्या मशीनींवर टेस्ट पास. कोऱ्या मशीनवर नापास, तेही पलंगापाशी येऊन. मी म्हटलं, "ती मशीन म्हातारी झाली. तिचं एकटीचं काय ऐकायचं? बाकी सगळ्या हो म्हणायल्यात."

"बाकीच्या लाजून हो म्हणायल्यात," तू म्हणालीस. "हिला लाज न्हाई."

तेव्हाच तुझ्या खुर्चीत उशी ठेवावी लागत होती. नंतर दवाखान्यात नेलं, तरी तुझं तेच. मी खिचडी घेऊन यायचे, तू चमच्याकडं न बघता विचारायचीस.

"दिलं का?"

"नाही दिलं. तोंड उघड."

"देऊ नका."

"अगं क्लासवाले रोज फोन करतात."

"करू द्या. तुम्ही उगं घाई करायलाव."

"बरं बाई. तू घरी ये, मग बघू दोघी."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलीस. मग म्हणालीस, "मी आले न आले. पोरगी तर येणार हाय ना."

आपलं नीट बोलणं झालं ते हे शेवटचं. लोक विचारतात, काही म्हणाली का, कुणाची आठवण काढली का. मी सांगते, काढली. नायगावच्या मुलीची. त्यांना वाटतं, नात्यातली कुणी असेल.

तेरावं झाल्यावर ऑफिसात गेले तर प्रणिता वाटच बघत होती. म्हणाली, "काकू, हॉस्टेल उघडायला आलं. बाकी सगळ्या टेस्ट पास आहेत. ही एकच सध्या बंद ठेवू का? तुम्ही म्हणाल तसं." तिचं चूक नव्हतं. इतकी वर्षं मीच तर ते म्हणत होते. तोंडापर्यंत 'हो' आलं होतं माझ्या. पण आता अडवणारं कुणी उरलं नव्हतं, आणि त्यामुळंच ते बाहेर पडेना. मी म्हटलं, "पूस मशीन."

पुसली, मांडली, चालवली. पलंगापाशी येऊन नापास. मग मी प्रणिताच्या शेजारी खुर्ची ओढली आणि पडद्यावर उमटलेलं इंग्रजी आम्ही दोघींनी एकेक ओळ वाचलं. एक ती, एक मी. तू असतीस तर हसली असतीस. हॉस्टेलच्या मॉड्यूलला तारखा मोजायची एक लायब्ररी, म्हणजे बाहेरून आणायचा तयार प्रोग्राम, सापडत नव्हती. मुलगी कोणत्या तारखेपासून राहणार ते मोजल्याशिवाय पलंग कसा देणार? आम्ही हॉस्टेलची यादी उघडली. त्यात त्या लायब्ररीचं नाव नव्हतं. कधीच नव्हतं. ती लिहिलेली होती फीच्या यादीत, आणि हॉस्टेल इतकी वर्षं फीच्या घरातून परस्पर आणून काम भागवत होतं.

प्रणितानं हळूच म्हटलं, "फीमधून ती मीच काढली, काकू. फीला आता लागत नव्हती."

"मग बरोबरच काढलीस. ज्याला लागते त्यानं आपल्या नावानं मागायला नको का?"

"पण मग आपल्या मशीनींवर कशी चालायली?"

त्याचं उत्तर तिनंच शोधलं. आपल्या मशीनींत फीचं जुनं मॉड्यूल कुठंतरी पडून होतं, हॉस्टेलला त्यातून मिळत होतं. कोऱ्या मशीनमध्ये पडून असलेलं काहीच नव्हतं. क्लासची नवी मशीनही तशीच, कोरी.

"म्हणजे आपण दिलं असतं तर..." प्रणिता थांबली. "एकीलाही पलंग मिळाला नसता."

मी म्हटलं, "गहू आला, चक्की न्हाई." तिला काही कळलं नाही. मग तिला सगळं सांगितलं, तंबूच्या खुंटीसकट. तू सांगितलंस त्याच शब्दांत सांगितलं. ती हसली, मग हसायची थांबली आणि तिनं विचारलं, "आणि पुढं काय झालं काकूंचं, शेडमध्ये?" मी सांगितलं, मला माहीत नाही. पोरीनं एका वाक्यात विचारून टाकलं बघ.

हॉस्टेलच्या यादीत त्याचं सामान त्याच्या नावानं लिहिलं. लायब्ररीची कोणती आवृत्ती घ्यायची ते वर एकाच ठिकाणी, चारही मॉड्यूलना मिळून, तू सांगायचीस तसं. एका बाबतीत मात्र तुझं ऐकायचं नाही असं मी ठरवलं होतं. तो मेसेज. तू टेस्टमध्येही खराखुरा मेसेज पाठवायचीस आणि मुलीचे वडील म्हणून नंबर दिलेला दादांचा. दर वेळी जेवताना ते म्हणायचे, "आज पण माझ्या पाल्याला पलंग मिळाला म्हणं." मी ठरवलं, निदान तिथं तरी तोतया बसवू. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना दादांना सांगितलं, आता तो मेसेज येणार नाही तुम्हाला. त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "काहून? येऊ दे की." म्हणून तेही राहिलं तसंच. भांडण जिंकायला तू घरात माणूस ठेवून गेलीस.

दुपारी पुन्हा मशीन पुसली. लाइट गेली नाही, तेवढं नशीब. प्रवेश झाला, फी झाली, बॅच झाली. पलंगापाशी पडदा जरा थांबला, आणि मग पास. प्रणितानं माझा हात धरला. तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा होते.

"अगं, मेसेज आलाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "मिळाला तिला पलंग."

मी म्हटलं, "हाव. मिळाला."

संध्याकाळच्या आत क्लासला माल दिला. काल नवं हॉस्टेल उघडलं. मी सकाळपासून तुझ्या खुर्चीत बसले, फोन समोर ठेवून. तू म्हणायचीस ना, फोन आला न्हाई म्हंजे पोरींनी पेट्या पलंगाखाली सरकवल्या. समोरच्या रस्त्यानं जीपा, रिक्षा चालल्या होत्या, टपावर गाद्या, मागच्या बाजूला पेट्या. एक मुलगी रिक्षात पेटीची कडी धरून बसलेली दिसली. मी बघत राहिले, ती वळणावरून गेली. जेवायला उठले नाही. ऊन उतरलं तशी प्रणिता पर्स घेऊन निघाली आणि दारात थांबली.

"काकू, दार ओढून घेऊ का?"

म्हटलं, "असू दे उघडं."

अंधार पडेपर्यंत बसले, निर्मला. फोन वाजला नाही.